सातवं नाव

७ जानेवारी

प्रिय मुंगी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र फाडणार, हे मला ठाऊक आहे. फाड. पण वाचून फाड. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, माझं अक्षर न वाचता पुढे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही लिहिली नाहीस. आईला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग उचलून नवऱ्याकडे निघून गेलीस. तुला मुलगी झाली हेसुद्धा मला तुझ्या मावशीकडून कळलं. दोन वर्षांची झाली म्हणे. नाक कुणासारखं आहे, विचारलं, तर मावशी म्हणाली, तुमच्यासारखं, बिचारीचं नशीब.

आता का लिहितोय ते सांगतो. आपल्या चर्चला नव्या पाळक आल्यात. बाई आहेत, तुझ्याच वयाच्या, चष्मा, हातात सदानकदा एक वही. जुने पाळकसाहेब बदलून गेले. बाईंनी आल्या आल्या पंचांची सभा बोलावली आणि म्हणाल्या, या वर्षी आपली मंडळी नेमकं काय करणार ते ठरवू या, प्रत्येक सेवेनं आपलं ध्येय लिहून द्या. आता ध्येय म्हटलं की आपले लोक कसे, तुला सांगायला नको. गायनाच्या मास्तरांनी लिहिलं, 'देवाच्या गौरवासाठी उत्तम गायन करणे.'

बाई म्हणाल्या, "छान. कोणासाठी?"

"देवासाठी."

"देव बिचारा वीस वर्षं ऐकतोच आहे तुमचं. माणसांपैकी कोणासाठी?"

मास्तरांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. पण बाई हटल्या नाहीत. त्यांचे तीनच प्रश्न. हे कोणासाठी? त्यांच्यात काय बदलेल? आणि बदललं हे आपल्याला कळणार कसं? आकडा घालायचाच असेल तर शेवटी घाला, म्हणाल्या, आधी माणूस.

मग त्यांनी प्रत्येकाला एकेक पाकीट दिलं. एक ध्येय स्वतःचं लिहा, मला दाखवू नका, चिकटवून घरी ठेवा, सहा महिन्यांनी उघडा. मी लिहिलं: कोणासाठी? मुलगी. काय बदलेल? माझ्याशी बोलेल. कसं कळेल? पत्र येईल. तेव्हा तू माझं ध्येय आहेस, घे. हसू नकोस. हसलीस तर बरंच आहे म्हणा.

माझा तुझ्यावर राग नाही. दफनभूमीच्या फाटकाशी चारचौघांत तू मला जे बोललीस, तेही मी केव्हाच विसरलोय.

तुझे पप्पा

२ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

नाही ना आलं उत्तर? येईल कसं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हट्टीपणा माझाच उचललास, सगळं चांगलं तेवढं आईचं.

चर्चच्या हॉलमधला ध्येयांचा नवा फलक रंगवायचं काम माझ्यावरच पडलंय. जुना खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर लावायचा आणि नव्यानं लिहायचं. काल डबा घेऊन गेलो. हॉलमध्ये कुणी नव्हतं. सभेच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. जुना फलक भिंतीवर तसाच आहे, 'आमची वर्षाची ध्येये', लाल शेड दिलेली अक्षरं, अजून टवके उडालेले नाहीत. चार रकाने. नवी कुटुंबं, घरभेटी, संडे स्कूलची मुलं आणि चौथा, 'प्रार्थनेने बरे झालेले: बारा'. त्याखाली एकेक नाव. पहिले तीन रकाने मी खरवडून काढले. चौथ्यातली सहा नावं काढली. सातव्याला खरवडायचा पत्रा लावला आणि हात थांबला. तसाच घरी आलो.

तो चौथा रकाना माझी कल्पना होती. जुन्या पाळकसाहेबांवर ढकलायचं नाही मला. त्यांनी नुसतं म्हटलं होतं की प्रार्थनामंडळाचंही काही ध्येय असावं. वर्षात बारा माणसं बरी होऊन त्यांनी उपासनेत उभं राहून तशी साक्ष द्यायची, महिन्याला एक, हे मी सुचवलं. पाटीवाल्याला रिकामा रकाना बघवत नाही. आईची गाठ काढली, तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा जूनमध्ये ती मंडळीसमोर उभी राहिली. तू नव्हतीस. कशी बोलली माहीत आहे? तिनं आधी नर्सचे आभार मानले, मग देवाचे. सगळे हसले. त्या दुपारी मी सातव्या ओळीवर तिचं नाव लिहिलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, आणि तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा रंगवलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुखणं परत आलं आणि तिनं तोंडाला कुलूप लावलं. तू चार दिवसांसाठी माहेरी आलीस आणि पहिल्याच दिवशी ओळखलंस. तुला ती म्हणाली होती ना, "नाव रंगवलंय गं, आता दुखतंय म्हणून कसं सांगू? तेलाचा रंग आहे, पुसता यायचा नाही." हे तूच मला फाटकाशी ऐकवलंस. डॉक्टरांचंही ऐकवलंस, महिनाभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. आणि मग सगळ्यांसमोर विचारलंस, "पप्पा, भरला का तुमचा फलक?"

मला कसं कळणार होतं, सांग? मी सकाळी डबे उचलून बाहेर पडायचो तो दिवेलागणीला परत. ती हसूनखेळून असायची. एका घरात राहून तुम्हाला दिसलं नाही, असं तू म्हणालीस. नाही दिसलं. माहीत असतं तर पाठीवर घालून नेली नसती का तिला दवाखान्यात?

तुझे पप्पा

१ मार्च

प्रिय मुंगी,

आज रागवायला नाही, सांगायला लिहितोय. आज माझा ऊर भरून आला आहे, आणि हे सांगायला घरात कुणी नाही.

प्रार्थनामंडळाचं ध्येय ठरवायला सभा होती. कंपाउंडर उभे राहिले. तेच ते, कुणी शिंकलं तरी बाटली सुचवणारे. म्हणाले, मागच्यासारखेच बारा बरे झालेले ठेवू, फार तर या वेळी पंधरा करू. बाईंनी वहीत लिहायला पेन टेकवलं आणि मी उभा राहिलो. म्हटलं, "नको. त्या रकान्यात माझी बायको गेली."

मी सांगितलं. ती साक्ष कशी देऊन बसली, मग पुन्हा दुखायला लागल्यावर तिला बोलायची चोरी कशी झाली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं झाकल्या मुठीत माणूस संपला. आपलं ध्येय असं असू दे की या हॉलमध्ये आजारी माणसाला 'अजून दुखतंय' असं म्हणता यावं.

बाईंनी विचारलं, "आणि तसं झालं हे कळणार कसं?"

मी म्हटलं, "कुणीतरी म्हणेल."

तेवढ्यात मागच्या बाकावरून शिवणक्लासच्या बाई उठल्या. उठल्या म्हणजे पुढच्या बाकाला धरून, मोजून चार खेपांत. म्हणाल्या, "फलकावर माझं नाव पाचवं. गुडघा. मी साक्ष दिली त्या दिवशी खरंच दुखत नव्हता हो, खोटं नाही बोलले. सोमवारी दुखायला लागला. तेव्हापासून मी मागं बसते, उठताना कुणी बघू नये म्हणून." कुणीतरी फिस्सकन हसलं, त्याही हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग वॉचमन उठला. नववं नाव, दारू. म्हणाला, सात महिने सुटली होती, मग मी चर्चलाच यायचं सोडलं, फलकासमोर उभं राहवत नव्हतं. आज त्याची बायको त्याला ओढत घेऊन आली होती. एकेक करत पाच जण बोलले गं. बारांतले पाच. आणि आम्ही त्या वर्षी चर्चच्या मुख्य केंद्राकडे अहवाल पाठवला होता की ध्येय शंभर टक्के पूर्ण.

बाईंनी ध्येय लिहून घेतलं, मी सांगितलं त्याच शब्दांत. मग पेन मिटलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पेंटरकाका, तुम्हाला अजून काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "मला सर्दी झालीय."

सगळे हसले. बाई नाही हसल्या.

घरी येताना वाटलं, हे तुला कळायला हवं. उत्तर दे असं म्हणत नाही.

तुझे पप्पा

२२ मार्च

माझी मुंगी,

आलं! तुझं कार्ड आलं! पोस्टमन म्हणाला, काका, बसा, बसून वाचा. दारातच पायरीवर बसलो. अकरा ओळी आहेत, मला पाठ झाल्यात.

'तुम्ही सभेत बोललात हे मावशीनंही सांगितलं. इतकी वर्षं मी तुमच्यावर असा राग धरला की जणू तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प राहिलात. तुम्हाला दिसलं नाही, हा काही गुन्हा नाही. आईनं लपवायचं ठरवलं की तिच्यापुढे कुणाचं चालायचं? मला माफ करा पप्पा, मी फाटकाशी जे बोलले त्याबद्दल.' आणि पुढे, शनिवारी पाच एप्रिलला चारच्या बसनं छोटीला घेऊन येते, आठ दिवस राहीन.

तू माझी माफी मागायचीस? वेडी का काय तू!

मी कामाला लागलोय. तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली. खिडकीला निळा रंग दिला, वास जाईल तोवर. छोटीच्या उंचीला एक कडी बसवतोय, म्हणजे तिला दार लोटता येईल, आणि कोपऱ्यात बोट सापडायला नको म्हणून फटीत पुट्टी भरली. ती काय खाते? दूध पिते का? रडली तर काय करायचं? तुला आईनंच सांभाळलं, मी आपला पाट्या रंगवत होतो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, काका, तुम्ही फक्त खाली बसा, ती आपोआप अंगावर चढेल.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पाकीट लवकर उघडायचं का?" मी म्हटलं, "नको, येऊ दे तिला आधी."

कार्ड आल्यापासून जेवण काही जात नाही. आनंदानं असेल.

तुझे पप्पा

२९ मार्च

मुंगी,

हे तिसरं पत्र. दोन फाडली. हे टपालात टाकूनच घरी जाणार आहे, आणि तुला ते निघायच्या आत मिळायला हवं, म्हणून गावातल्या पेटीत न टाकता मुख्य टपाल कार्यालयात बसून लिहितोय. इथली पेनं दोरीला बांधलेली आहेत, अक्षर नीट येत नाही.

मला माहीत होतं.

तू माहेरी आलीस त्याच्या पाच आठवडे आधीपासून मला माहीत होतं. सकाळची वेळ होती. मी ब्रश धुवायला स्वयंपाकघरात गेलो तर ती कपाटाच्या दाराला कपाळ टेकवून उभी होती. एक हात ओट्यावर, एक कुशीत. मी विचारलं, "दुखतंय?" ती म्हणाली, "हो." मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाली, "झाले की तीन महिने."

तेव्हा वार्षिक सभेला अकरा दिवस होते. केंद्रावरून पाहुणे येणार होते. बारावं नाव मी आदल्याच दिवशी रंगवलं होतं आणि पाळकसाहेबांनी तिला पाहुण्यांसमोर पुन्हा चार शब्द बोलायला सांगितलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? ब्रश झटकायला लागतो तेवढा. मी म्हटलं, "सभा तेवढी होऊ दे. मग लगेच दाखवू."

तिनं साक्ष दिली. पुढच्या बाकाला धरून उभी होती. पाहुणे फलकासमोर थांबले आणि म्हणाले, अक्षर काय सुरेख आहे. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

सभा रविवारी झाली. सोमवारी मी विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. मंगळवारी ती मला जरा बरी दिसली, का मी तसं बघितलं, देव जाणे. मग मी विचारायचंच सोडलं. विचारलं तर ती हो म्हणेल, ही भीती होती. असे साडेतीन आठवडे गेले आणि तू आलीस. डॉक्टर तुला म्हणाले, महिनाभर आधी. आता बेरीज तूच कर.

फेब्रुवारीत तुला लिहिलं की माहीत असतं तर पाठीवर घालून नेली असती. ते लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही, याची मला आता शरम वाटते. सभेत उभा राहून सगळ्यांना खरं बोलायला लावलं आणि स्वतः सर्दी सांगून बसलो. पाच माणसं बोलली, सहावा मी असायला हवा होतो.

गप्प बसलो असतो तर तू आली असतीस. छोटी अंगावर चढली असती. मी आठ दिवस सगळं गोड मानून घेतलं असतं. पण तू ज्या माणसाला माफ केलंस ना, तो या घरात राहत नाही. त्याच्या नावानं आलेला पाहुणा मी कसा ठेवून घेऊ?

शनिवारी चारला मी बस स्टँडवर असेन. तू उतरली नाहीस तर मला कळेल. तुला काही लिहावं लागणार नाही.

पप्पा

५ एप्रिल

मुंगी,

चारची बस आली. सगळे उतरेपर्यंत थांबलो. कंडक्टरला विचारलं, एक बाई आणि लहान मुलगी? तो म्हणाला, काका, अशा बऱ्याच असतात. मग सहाची बस आली, तीही पाहिली.

बरोबर केलंस.

उद्या उपासनेनंतर मी मंडळीसमोर उभा राहणार आहे. बाईंना कल्पना दिली. त्या म्हणाल्या, आधार हवा तर मी शेजारी उभी राहीन. मी म्हटलं, नको, ती एकटी उभी राहिली होती.

पप्पा

१९ एप्रिल

मुंगी,

तुझं कार्ड काल मिळालं. वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. एकच ओळ: 'तुम्ही सभा होऊ दे म्हणालात तेव्हा आई काय म्हणाली?'

मंडळीसमोर मी सगळं सांगितलं, हे मावशीकडून कळलं असेलच. काही जण आता माझ्याशी बोलत नाहीत. शिवणक्लासच्या बाई मात्र येऊन माझ्या बाकावर बसल्या. पण ही गोष्ट मी तिथंही सांगितली नाही. ती ऐकायचा हक्क फक्त तुझा आहे, आणि ती तुला सांगायची नाही असं मी तिला कबूल केलं होतं. तो शब्द आज मोडतो. सजवून लिहीत नाही, जसं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, सभा तेवढी होऊ दे. ती कपाटापासून बाजूला झाली. हातानं तोंड पुसलं. म्हणाली, "थांबते की. अकरा दिवस काय, असे जातील." रागावली नाही. रागावली असती तर मी कदाचित भानावर आलो असतो. तिनं माझ्या हातातला ब्रश घेतला, नळाखाली धरला आणि धुऊन परत दिला. मी जायला निघालो. दारात पोहोचलो तर मागून हाक आली, "अहो."

मी वळलो.

म्हणाली, "मी नसले तरी मुंगीला हे कधी सांगू नका. ती तुम्हाला सोडून जाईल. आणि तुम्हाला तर साधा चहासुद्धा करता येत नाही."

पप्पा